जुन्या पंपाची टाकी आणि श्रावणात वास मारणारी विहीर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात चूक झाली असेल तर लगेच लक्षात येईल. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी, रस्त्याला लागून तुमची २२ गुंठे जागा. वडिलांनी ती १९७४ साली पेट्रोल पंपासाठी भाड्याने दिली. २००६ मध्ये पंप बंद झाला, जागा परत ताब्यात आली, पण जमिनीखालच्या टाक्या काढून नेल्या की तिथेच राहिल्या हे घरात कुणालाच नक्की माहीत नाही. आता बिल्डर आलाय, त्याच्या हातात 'माती परीक्षणाचा' रिपोर्ट आहे आणि तो म्हणतो सगळं उत्तम. इकडे ओढ्याच्या अंगाला, सत्तरेक पावलांवर शेजाऱ्यांची विहीर आहे. तिच्या पाण्याला दर श्रावणात रॉकेलसारखा वास येतो आणि दिवाळी झाली की जातो. तुम्ही विचारताय, एक बोअर मारून पाणी तपासलं तर भागेल का, आणि टाकी सापडलीच तर आत मुरूम भरून बुजवून टाकली तर चालेल का?

बोअरचं उत्तर सरळ 'नाही'. टाकीचं 'सध्या हात लावू नका'. आता कारणं सांगतो. पंचवीस-सव्वीस वर्षं भूजलाची कामं करतोय, त्यातली बरीच बंद पडलेल्या पंपांवरची आणि कारखान्यांच्या आवारातली. पण तुमची जागा मी पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी 'अमुक असेल तर तमुक' अशाच सांगाव्या लागतील.

बिल्डरचा रिपोर्ट प्रथम बाजूला ठेवू. आपल्याकडे माती परीक्षण म्हटलं की शेतकऱ्याला सामू आणि नत्र-स्फुरद-पालाश आठवतं, इंजिनिअरला पायाखालची जमीन किती भार पेलेल ते. बिल्डरचा रिपोर्ट या दुसऱ्या जातीचा असणार. तो खोटा नसेल, पण तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. डिझेलने भिजलेला पक्का मुरूमसुद्धा भार छान पेलतो.

आणि खरं सांगायचं तर तुमचा प्रश्न मातीचा नाहीच, पाण्याच्या वाटेचा आहे. मातीत तेल आहे का, हे शोधणं त्यामानाने सोपं. ते कुठल्या थरातून, कुठल्या महिन्यात, कुणाच्या विहिरीकडे सरकतं, हे शोधायला वर्ष लागतं.

गळती किती असू शकते याचा अंदाज घ्या. पाईपच्या एका सांध्यातून सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाला चार लिटर होतात, वर्षाला दीड हजार. वीस हजार लिटरच्या टाकीत रोज डिप घेऊनही, म्हणजे पट्टी बुडवून तेलाची पातळी मोजूनही, एवढी घट सहज नजरेआड होते, कारण बाष्पीभवन आणि तापमानाचा फरक त्यात मिसळलेला असतो. त्यामुळे 'आमचा स्टॉक कधी कमी पडला नाही' हे जुन्या मॅनेजरचं वाक्य प्रामाणिक असलं तरी पुरावा म्हणून कामाचं नाही. माझ्या अनुभवात टाकीपेक्षा पाईपलाईन, वळणावरचे सांधे, पंप मशीनखालचा खड्डा आणि टँकर जिथे रिकामा करतात ते तोंड, या जागा जास्त गुन्हेगार निघतात.

हे तेल पाण्याहून हलकं. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं, डिझेल थोडं जड. खाली झिरपत झिरपत ते भूजलापर्यंत पोचतं आणि पाण्यावर तरंगत पसरतं. त्यातले बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन आणि झायलिन हे चौघे पाण्यात विरघळून पुढे निघतात. धंद्यात यांना एकत्र 'बीटेक्स' म्हणतात. काळजी बेंझिनची, कारण ते कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मार्गदर्शक मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. आजच्या पेट्रोलमध्ये बेंझिन १ टक्क्याच्या आत असतं, जुन्यात याहून बरंच जास्त चालायचं. १ टक्का धरून हिशोब केला तरी एका लिटर पेट्रोलमधलं बेंझिन आठ लाख लिटरहून जास्त पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. प्रत्यक्षात बरंचसं उडून जातं, बरंचसं मातीतले जिवाणू खातात, म्हणून हा आकडा घेऊन घाबरू नका. पण थोडंसं सांडलं होतं, त्याने काय होतंय, असं कुणी म्हणालं तर हा हिशोब त्याच्यापुढे ठेवा.

नाकावर विसंबू नका. पाण्यातलं बेंझिन वासाने कळायला लिटरला साधारण १० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे मर्यादेच्या हजारपट. तुमच्या शेजाऱ्यांना येणारा रॉकेलसारखा वास बहुधा डिझेलचा आहे. तो दिवाळीनंतर जातो याचा अर्थ पाणी चांगलं झालं असा होत नाही.

आता श्रावणच का, ते. इथे आपल्या दगडाची गोष्ट आली. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टचा, सातारा जवळजवळ सगळाच. वर काळी किंवा तांबूस माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (बारीक भोकाभोकांचा बेसाल्ट), खाली काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूचा तांबडा पट्टा. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्याच्या सच्छिद्र भागात आणि पाषाणाच्या भेगांत. जुन्या पंपाखाली तेल बहुतेक करून मुरमात अडकून बसलेलं असतं. उन्हाळ्यात पाणी त्याच्या बरंच खाली जातं. मुरूम कोरडा पडतो, तेल तिथेच चिकटून राहतं, विहिरीत खालच्या भेगांतलं पाणी येतं आणि वास नसतो. आषाढात पाणी चढायला लागतं, श्रावणापर्यंत ते त्या तेलकट मुरमात शिरतं आणि तिथून आडवं ओढ्याकडे वाहतं. तुमच्या शेजाऱ्यांची विहीर या वाटेवर असावी. वरच्या अंगाचा एखादा झरा पावसाळ्यातच सुटतो का, हे त्यांना विचारा. सुटत असेल तर माझा अंदाज बराच पक्का होतो.

हे लक्षात आलं की एका बोअरने का भागत नाही तेही उमजेल. मे महिन्यात एक बोअर मारून पाणी तपासलं तर रिपोर्ट जवळजवळ नक्की स्वच्छ येईल. त्या कागदावर जागा विकली जाईल आणि पुढच्या श्रावणात फ्लॅटवाल्यांच्या बोअरला वास येईल.

मी तुमच्या जागी असतो तर पहिले दोन आठवडे एकही यंत्र आणलं नसतं. आधी कागद. पंपाला स्फोटक विभागाचा, म्हणजे आता ज्याला पेसो म्हणतात त्यांचा परवाना असतो आणि परवान्यासोबत मंजूर नकाशा असतो. त्यात टाक्या, पाईप, व्हेंट पाईप, पंप मशीन, सगळं मापासह दाखवलेलं असतं. पेसोचं मुख्यालय नागपूरला आहे. तेल कंपनीकडेही प्रत असायला हवी, आणि टाक्या काढल्या असतील तर त्याची नोंदही. भाडेकरार काढा. जागा परत करताना कोणत्या स्थितीत द्यायची हे त्यात बऱ्याचदा लिहिलेलं असतं, आणि खर्च कुणी करायचा या वादात पुढे तेच वाक्य उपयोगी पडतं. मग माणसं. तिथे तीस वर्षं नोजल धरलेला एखादा माणूस गावात नक्की असेल. त्याला जागेवर नेऊन चहा पाजा आणि विचारा, डिझेलची टाकी कुठली, टाकीत पाणी कधी यायचं का, कुठली लाईन उकरून दुरुस्त केली होती. अशा एका निवृत्त काकांनी मला पंधरा मिनिटांत चपलेने रेघ ओढून पाईपलाईनचं जे वळण दाखवलं होतं, ते कंपनीच्या नकाशात नव्हतं. गळती बरोबर त्या वळणावर निघाली.

जमिनीतून पाहणाऱ्या रडारवर पैसे घालण्याआधी एक सांगतो, चिकण काळ्या मातीत ते फारसं खोल बघू शकत नाही. लोखंडी टाकीसाठी साधा मॅग्नेटोमीटर, म्हणजे जमिनीखालचं लोखंड हुडकणारं यंत्र, बरा.

मग विहिरी. दोन-अडीचशे मीटरच्या आतल्या सगळ्या विहिरी, आड आणि बोअर यांची यादी करा. एकाच दिवशी, मोटारी बंद ठेवून, काठापासून पाण्यापर्यंतची खोली मोजा आणि सर्व्हेअरकडून काठांची उंची एकमेकांशी जुळवून घ्या. एवढ्यावरून पाणी कुठून कुठे वाहतं याचा पहिला नकाशा होतो. हीच मोजणी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चार वेळा करा. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी याच महिन्यांत मोजते, त्यामुळे तुमचे आकडे त्यांच्याशी ताडून बघता येतात. तुमच्या बाबतीत पाचवी मोजणी श्रावणात. तीच सगळ्यांत महत्त्वाची.

विहिरीवर गेलात की अजून एक करा. पाण्यावर रंगीत तवंग दिसला तर काडीने मोडून बघा. लोहाच्या जिवाणूंचा तवंग पापुद्र्यासारखा तुटतो आणि तुकडे तसेच राहतात. तेलाचा तवंग काडी काढताच पुन्हा जुळून येतो. अर्ध्या तक्रारी इथेच निकालात निघतात. नायट्रेटवरही नजर ठेवा. आपल्याकडे खतांमुळे विहिरींत नायट्रेट असतंच. चार विहिरींत ते भरपूर आणि पाचवीत जवळजवळ शून्य, जोडीला लोह वाढलेलं, असं दिसलं तर त्या पाचवीच्या वाटेवर जिवाणू काहीतरी खाताहेत (खाताना ते नायट्रेट वापरून संपवतात), आणि ते बहुधा तुमचं तेल आहे.

यानंतर ड्रिलिंग. आधी उथळ भोकं, मातीच्या नमुन्यांसाठी: टाकीच्या दोन्ही टोकांना, भरायच्या तोंडाशी, प्रत्येक पंप मशीनखाली, पाईपच्या वळणांवर. टाकीचा तळ साधारण साडेतीन-चार मीटरवर असतो, त्यामुळे वरच्या मीटरभर मातीचा नमुना घेऊन आलेला माणूस फुकट गेला असं समजा. प्रत्येक अर्ध्या मीटरला मूठभर माती झिपलॉकच्या पिशवीत अर्धी भरायची, पिशवी बंद करून ढेकळं चुरायची, दहा मिनिटं सावलीत ठेवायची आणि पीआयडी नावाच्या वाफा मोजणाऱ्या यंत्राची नळी आत खुपसायची. आकडा खोलीनुसार कसा चढतो-उतरतो ते बघायचं, आणि जिथे तो सगळ्यात जास्त आहे आणि जिथे तो संपतो, ते दोन नमुने लॅबला पाठवायचे. डोळ्यांनीही बरंच कळतं. तांबूस मुरूम मध्येच करडा-हिरवट झाला असेल तर तिथे तेल बसलेलं असण्याची शक्यता मोठी.

निरीक्षणासाठी कमीत कमी तीन बोअर, त्रिकोणात: एक पाण्याच्या वरच्या अंगाला, दोन खालच्या अंगाला. बेसाल्टमध्ये तीन पुरतीलच असं नाही. भेगांची दिशा उताराशी जुळत नसेल तर पाचही लागतात. यात जाळी, म्हणजे बोअरच्या केसिंगचा (आतल्या नळीचा) पाणी आत घेणारा भोकांचा भाग, कुठे येते ते महत्त्वाचं. पावसाळ्यातली सर्वांत वरची पातळी आणि उन्हाळ्यातली खालची, दोन्ही जाळीच्या टप्प्यात आली पाहिजेत, नाहीतर तरंगणारं तेल केसिंगच्या बाहेरच राहतं आणि तुम्ही आतलं स्वच्छ पाणी मोजत बसता. केसिंगचे सांधे आट्यांचे हवेत. सोल्युशन लावून चिकटवले तर त्याच्यातलीच रसायनं नमुन्यात दिसतात.

आणि इथे कृपा करून गावातल्या बोअरवाल्याला 'जाऊ दे दोनशे फूट' असं सांगू नका. वरच्या मुरमातलं दूषित पाणी आणि खालच्या भेगांतलं चांगलं पाणी यांच्यात कुठे पाषाण असतो, कुठे गेरू. खोल बोअर त्याला आरपार भोक पाडतो आणि वरची घाण थेट खाली उतरते. एका ठिकाणी मालकाने मी पोचायच्या आत हौसेने असा बोअर मारला होता. तोवर उथळ विहिरींपुरता असलेला त्रास पुढच्या पावसाळ्यात खालच्या आळीतल्या बोअरांना लागला. तुमच्या जागेवर आधीच जुना बोअर असेल तर त्याचंही हेच होत असेल, त्याचं वरचं केसिंग तपासा.

एक चूक माझी स्वतःची. सुरुवातीच्या काळात नेहमीच्या हॅमरच्या गाडीने बोअर घेतले आणि त्याच दिवशी नमुने भरले. रिपोर्टमध्ये जड तेल आलं, अगदी वरच्या अंगाच्या बोअरमध्येसुद्धा, जिथे ते असायचं कारण नव्हतं. ते गाडीच्या कंप्रेसरचं तेल होतं. शिवाय त्या हवेच्या झोताने हलकं बेंझिन उडून गेलं होतं. म्हणजे नसलेलं दिसलं आणि असलेलं गेलं. तेव्हापासून बोअर धुऊन काढून, किमान आठवडाभर थांबूनच नमुना घेतो.

नमुना ४० मिलीच्या काचेच्या बाटलीत, काठोकाठ, आत एकही बुडबुडा न ठेवता. झाकण लावून बाटली उलटी करायची आणि टिचकी मारायची. बुडबुडा वर आला तर ती बाटली बाद. मग बर्फाच्या पेटीत. जवळ जनरेटर चालू असेल तर बंद करायला लावा. पेटीत लॅबमधून भरून आणलेली शुद्ध पाण्याची एक बाटली न उघडता फिरवून परत द्या. तिच्यात बेंझिन निघालं तर घोळ वाटेतला आहे.

लॅब निवडताना 'एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) आहे का' एवढंच विचारू नका. मान्यता कुठल्या चाचण्यांची आहे ते विचारा. बऱ्याच ठिकाणी 'ऑइल अँड ग्रीस' ही चाचणी करून देतात. त्यात तेल सॉल्व्हंटमध्ये ओढून घेतात, सॉल्व्हंट तापवून उडवतात आणि उरलेलं वजन करतात. त्या तापवण्यात पेट्रोलही उडून जातं! रिपोर्ट येतो 'आढळले नाही', आणि बिल्डर तो फ्रेम करून लावतो. तुम्हाला हवंय ते जीसी-एमएसवर (रसायनं वेगळी करून ओळखणारं यंत्र) बीटेक्स, एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं एक रसायन) आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, पेट्रोल आणि डिझेलचे टप्पे वेगळे दाखवून. बेंझिन ०.०१ मिलिग्रॅमच्या खाली मोजता येतं का, हे लेखी घ्या. शिसंही तपासा. देशात शिसेयुक्त पेट्रोल पूर्ण बंद झालं ते फेब्रुवारी २००० मध्ये, म्हणजे तुमचा पंप सव्वीस वर्षं शिसेवालं पेट्रोल विकत होता. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे.

परदेशातल्या अहवालांत तुम्हाला वाचायला मिळेल की गळतीपासून पुढे पसरणारे दूषित पाण्याचे पट्टे फार लांब जात नाहीत. कॅलिफोर्नियातल्या गळक्या टाक्यांच्या नोंदींवर १९९५ साली मोठा अभ्यास झाला, त्यात बहुतेक पट्टे अडीचशे फुटांच्या आत थांबलेले दिसले. तो आधार घेऊन निर्धास्त होऊ नका. तिथली जमीन मुख्यतः वाळू-गाळाची, पाणी सावकाश झिरपतं आणि जिवाणूंना वेळ मिळतो. आपल्याकडे एखादी भेग सापडली की पाणी नळातून गेल्यासारखं जातं.

आता टाकी. ती आत असेल तर 'रिकामी आहे' या शब्दावर विश्वास नको. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त धोक्याची. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीवर पेटते, आणि जुन्या टाकीच्या तळाच्या गाळातून ती वर्षानुवर्षं सुटत राहते. भंगारवाल्याला गॅस कटर घेऊन जवळ फिरकू देऊ नका. टाकी वायुमुक्त करून काढणं हे पेसोच्या नियमांनी, तेल कंपनीकडून किंवा तसं काम करणाऱ्या संस्थेकडूनच व्हायला हवं. मुरूम भरून बुजवू नका म्हणालो, कारण टाकी काढल्यावर उघडा पडणारा खड्डा हाच तपासाचा सगळ्यात चांगला पुरावा असतो. त्या दिवशी तळाचे आणि भिंतींचे नमुने घ्या, फोटो काढा, कंपनीच्या माणसासमोर पंचनामा करा. तळाचा गाळ आणि तेलकट माती घातक कचऱ्यात मोडते, ती तळोजा किंवा रांजणगावसारख्या सामाईक केंद्रात जायला हवी, गावाबाहेरच्या खाणीत नाही.

बिल्डरशी बोलताना दोन गोष्टी काढा. तळघरातलं पार्किंग खणताना तो पाणी उपसणार. त्या उपशाने आजूबाजूचं दूषित पाणी खड्ड्याकडे ओढलं जाईल आणि पंपाने थेट ओढ्यात पडेल. आणि बांधकाम परवानगीसाठी पावसाचं पाणी मुरवायचा खड्डा लागतो. तो तेलकट मुरमावर आला तर तुम्ही दर पावसाळ्यात स्वतःच्या हाताने तेल धुऊन शेजाऱ्यांकडे पाठवाल. दोन्हींची जागा तपासानंतरच ठरवा.

कुणाला कळवायचं? तेल कंपनीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला, लेखी, पोच घेऊन. दूषित जागांसाठी केंद्राने २०२५ मध्ये स्वतंत्र नियम आणलेत. तोवर आपण घातक कचऱ्याचे नियम आणि 'प्रदूषण करणाऱ्याने भरावं' हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडी गावच्या प्रदूषण प्रकरणात उचलून धरलेलं तत्त्व, यांवर भागवत होतो. तुम्ही जागेचे मालक आहात, गळती करणारे नाही, पण माहीत असून जागा विकलीत तर हा फरक वकिलाला समजावून सांगणं अवघड जाईल.

खर्चाचा आकडा मी देत नाही. खडक किती खोलीवर लागतो आणि बोअर तीन की पाच यावर तो दुप्पट-तिप्पट होतो. पहिले दोन टप्पे, कागद आणि विहिरींच्या पातळ्या, जवळजवळ फुकटात होतात. त्यावरच पुढचे पैसे वाचतात किंवा वाया जातात.

राहिली शेजाऱ्यांची विहीर, आणि तिच्यासाठी तपास संपेपर्यंत थांबून चालणार नाही. त्यांना आजच जाऊन सांगा की निकाल येईपर्यंत हे पाणी पिण्याला, स्वयंपाकाला आणि गरम पाण्याच्या आंघोळीला नको. उकळून उपयोग नाही, बेंझिन वाफेबरोबर स्वयंपाकघरात येतं. साध्या आरओच्या भरवशावरही राहू नका. चांगल्या प्रतीचा कार्बन फिल्टर बेंझिन धरतो, पण कार्बन कधी भरला हे चवीने कळत नाही. तुमच्या जागेतून त्यांच्या विहिरीत काही जात असेल हे सांगायला जड जाईल, मला कल्पना आहे. तरी त्यांच्याकडून एक गोष्ट मागून घ्या: पहिला वास कुठल्या वर्षी आला. पंप चालू असतानाच आला असेल तर तेल कंपनीशी तुमचं बोलणं वेगळ्याच जागेवरून सुरू होईल.